पाण्याची वही

माझ्या कपाटात अकरा वह्या आहेत, सगळ्या दोनशेपानी. पहिल्या चारांत लेकीला पाणी जास्त जाऊ नये म्हणून हिशेब आहे. उरलेल्या सातांत पाणी कमी पडू नये म्हणून. रकाने तेच: डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक. अक्षरही माझंच. चौथ्या आणि पाचव्या वहीच्या मधे एक दिवस आहे. त्या दिवशी मी काहीच लिहिलं नाही.

मी हिशेबनीस आहे. दुसरं काही येत नाही म्हणून मुलीच्या आजारपणातही तेच केलं. लोक विचारतात, इतक्या लहान मुलाची किडनी बदलतात? बदलतात. विचारणाऱ्यांपैकी कुणाचं तरी मूल त्याच वाटेवर असतं, आणि त्यांना ऑपरेशनबद्दल ऐकायचं असतं. मी मात्र पाण्याबद्दल बोलत बसतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

चिमी (घरातलं नाव, खरं इथे लिहीत नाही) पाच आठवडे आधी जन्मली. वार नेहमीपेक्षा खूप मोठी होती, असं डॉक्टर म्हणाले होते. आम्हाला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. दुसऱ्या आठवड्यात पापण्या सुजल्या, मग पाय, मग पोट. जन्मजात नेफ्रोटिक सिंड्रोम, फिनिश प्रकार. फिनलंडमध्ये जास्त सापडतो म्हणून हे नाव; आमचा त्या देशाशी काडीचा संबंध नाही. किडनीच्या गाळणीत नेफ्रिन नावाचं प्रथिन असतं. ते तयार करणाऱ्या जनुकात बिघाड असला की गाळणी गळते आणि रक्तातली प्रथिनं लघवीवाटे वाहून जातात. हे जनुक १९९८ मध्ये सापडलं. बिघडलेली एक प्रत माझ्याकडे, एक तिच्या आईकडे. आम्हा दोघांना कधी काही झालं नाही, कारण दुसरी प्रत शाबूत. चिमीच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. दर बाळंतपणात याची शक्यता चारात एक.

पहिलं वर्ष फार लिहीत नाही. छातीतून घातलेल्या नळीतून रोज रात्री अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, चढवायचं. सकाळपर्यंत त्यातलं बरंचसं लघवीतून गेलेलं असायचं. गळक्या बादलीत पाणी ओतावं तसं. वजन वाढलं की आनंद व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी कळायचं की ती सूज होती. चौदाव्या महिन्यात तिच्या दोन्ही किडन्या काढल्या. गळती बंद करायचा तोच एक मार्ग उरला होता. आपल्या मुलाच्या दोन्ही किडन्या काढायच्या कागदावर सही करताना हात थांबतो. माझाही थांबला. तिच्या आईने पेन घेतलं आणि आधी सही केली.

मग पोटाचं डायलिसिस. पोटात एक नळी, रात्री दहा-अकरा तास मशीन. द्रव पोटात सोडायचा, थोडा वेळ ठेवायचा, काढून घ्यायचा, पुन्हा सोडायचा. सकाळी पिशवीतला द्रव खिडकीशी धरून बघायचा. पलीकडची अक्षरं वाचता आली तर ठीक. गढूळ दिसला तर पोटात जंतुसंसर्ग, लगेच दवाखाना. दहा महिन्यांत एकदाच गढूळ आला. पुरला.

पहिल्या चार वह्यांतला शेवटचा भाग या काळातला. किडनीच नाही म्हणजे लघवी नाही. थेंबभरसुद्धा नाही. आत गेलेलं पाणी मशीनने काढलं तेवढंच बाहेर, शिवाय श्वासातून आणि घामातून थोडं. म्हणून दिवसाला साडेपाचशे मिली, आणि त्यात सगळं आलं: नळीतून दिलेलं दूध, औषधं, औषधानंतर नळी धुवायला घातलेले पाच-पाच मिलीसुद्धा. तिला तहान लागायची. अंघोळीच्या वेळी ती ओला रुमाल तोंडात धरून चोखायची आणि आम्ही तो तोंडातून ओढून काढायचो. बोलायला लागली तेव्हा पहिले सलग दोन शब्द जुळवले ते ‘पानी नाई’. आमच्याच तोंडून दिवसभर ऐकलेले. वाटी दिसली की स्वतःच मान हलवून म्हणायची, पानी नाई.

वाट कसली बघत होतो? वजनाची. साधारण दहा किलो झालं की प्रत्यारोपणाचा विचार, असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं. बऱ्याच ठिकाणी याच्याच आसपासचा आकडा सांगतात. का, ते मला सर्जननी चित्र काढून समजावलं. मोठ्या माणसात नवी किडनी जांघेच्या वर, पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. एवढ्या लहान मुलात त्या फार बारीक. म्हणून थेट पोटातल्या महाधमनीला आणि महाशिरेला जोडायची. आणि किडनी लहान मुलाची नसते, मोठ्या माणसाची असते. मी विचारलं, मावेल का? म्हणाले, पोटात जागा होते. अडचण जागेची नाही, रक्ताची आहे.

त्या रात्री मी पट्टी घेतली. मोठ्या माणसाची किडनी साधारण अकरा सेंटिमीटर लांब. चिमी झोपली होती, मशीन चालू होतं. मी पट्टी तिच्या पोटावर उजव्या बाजूला ठेवली. शून्य बरगडीच्या कडेवर, आणि अकराचा आकडा लंगोटाच्या आत गेला. पट्टी गार लागली तशी ती कुशीवर वळली.

रक्ताचं गणित मी वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवलंय. एवढ्या मुलाच्या अंगात किलोमागे सुमारे ऐंशी मिली रक्त. चिमी तेव्हा १०.८ किलो, म्हणजे साडेआठशे मिली. लिटरभरही नाही. मोठ्या माणसाची किडनी नुसती भरायलाच दीडशे-दोनशे मिली घेऊ शकते. म्हणजे रक्तवाहिन्यांवरचे चिमटे काढले त्या क्षणी तिच्या अंगातलं पाव रक्त एका अवयवात जाणार. त्यामुळे भूलतज्ज्ञ आधीच रक्त आणि सलाइन देऊन ‘तिला भरून घेतात’, हे त्यांचेच शब्द. पुढचा आकडा याहून वाईट. तिच्या आईच्या अंगात त्या किडनीला मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त मिळायची सवय. चिमीचं हृदय मिनिटाला सगळं मिळून दीड-दोन लिटर ढकलणार, तेही मेंदूपासून बोटांपर्यंत सगळ्यांसाठी. रक्ताचा जोर कमी पडला तर नव्या किडनीच्या शिरेत गुठळी होऊ शकते, आणि लहान मुलांची किडनी सुरुवातीलाच वाया जाण्यामागे ही गुठळी एक मोठं कारण असतं. पाण्याची गोष्ट इथून सुरू होते.

किडनी आधी मी देणार होतो. घरात ठरलंच होतं तसं. रक्तगट जुळत होता, क्रॉसमॅच (तिचं रक्त माझ्या पेशींवर चालून जातं का, ती तपासणी) ठीक होतं, आणि आईवडिलांपैकी कुणाशीही मुलाचं अर्धं जुळतंच. मग चोवीस तास रक्तदाब मोजणारं यंत्र दंडाला बांधलं आणि रात्रीचेही आकडे चढे निघाले. मी बाद. ‘तुम्हाला एकाच किडनीवर ठेवणं बरं नाही,’ डॉक्टर म्हणाले. मी घरी येऊन सांगितलं तर चिमीची आई म्हणाली, ‘मग माझी तपासणी कधी?’ एवढंच. मला वाईट वाटलंय हे तिच्या लक्षात आलं होतं, पण त्या दिवशी तिने ते लाड केले नाहीत.

बाद झाल्यावर रात्री जागून जे मिळेल ते वाचत होतो. त्यात १९५२ सालच्या पॅरिसची हकिगत मिळाली. मारियुस रेनार, सोळा वर्षांचा मुलगा, उंचावरून पडला. किडनी फुटली, ती काढली, आणि मग कळलं की त्याला जन्मापासून एकच होती. त्याच्या आईने स्वतःची देऊ केली. नेकर रुग्णालयात, जाँ आम्बुर्जे यांच्या पथकाने नाताळच्या सुमारास ती बसवली. ती चालली. तीन आठवडे नीट चालली, मग शरीराने नाकारली आणि मुलगा गेला. तेव्हा नकार थोपवणारी औषधंच नव्हती. दोन वर्षांनी, २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. ते भाऊ एकसारखे जुळे असल्यामुळे शरीराला परकं काही वाटलंच नाही. मरेंना १९९० मध्ये नोबेल मिळालं. पण माझ्या डोक्यात त्या पॅरिसच्या बाईच राहिल्या. त्या तीन आठवड्यांत त्यांनी रोज सकाळी उठून काय विचारलं असेल ते मला माहीत आहे. लघवी किती झाली?

तो कोरा दिवस. तिच्या आईला साडेसातला आत नेलं, चिमीला त्यानंतर अर्ध्या तासाने. दोन शेजारशेजारची ऑपरेशन थिएटरं. डावी किडनी काढणार होते. डाव्या बाजूची शीर लांब असते, जोडायला सोपी पडते. मी दोन्ही दारं दिसतील अशा खुर्चीत बसलो. वही मांडीवर होती. एक वाजून गेल्यावर चिमीच्या दारातून एक सिस्टर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या, ‘लघवी झाली. टेबलावरच झाली.’ दहा महिन्यांत माझ्या मुलीला लघवी झाली नव्हती. मी त्यांना विचारलं, ‘किती मिली?’ त्या हसल्या. मला खरोखरच आकडा हवा होता.

तिची आई संध्याकाळी शुद्धीवर आली. डोळे मिटलेलेच. ‘चालू झाली का?’ मी म्हटलं, झाली. ‘मग झोपते.’

चिमीला पहिली रात्र व्हेंटिलेटरवरच ठेवलं. आयसीयूमध्ये दर तासाला पिशवी मोजायची आणि जेवढी लघवी तेवढंच सलाइन पुढच्या तासात चढवायचं, मिलीला मिली. पहिल्या चोवीस तासांत सात लिटरच्या वर लघवी झाली. दहा किलोच्या मुलीला! सिस्टरांच्या तक्त्यावर माझ्याच वहीचे रकाने होते, फक्त आकडे वेडे झाले होते. तिसऱ्या दिवशी तिची आई चाकाच्या खुर्चीतून आली. काचेपाशी थांबली. लेकीकडे बघायच्या आधी तिने खाली लटकलेली पिशवी बघितली. मग लेकीकडे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. घरी सोडताना डॉक्टरांनी आकडा दिला: रोज चोवीसशे मिली. मला वाटलं लिहिताना एक शून्य जास्त पडलं. तिच्या वजनाच्या पाव हिश्श्याला लागलेलं. साठ किलोच्या माणसाने रोज तेरा लिटर प्यावं, तसं. पण कारण तेच, मागच्या पानावरचं. मोठी किडनी लहान हृदयावर जगायची तर नळ सतत भरलेला हवा. नुसतं पाणी देऊन चालत नाही, रक्तातलं सोडियम उतरतं. दूध आणि पाणी ठरलेल्या मापात, मोजून मीठ. दिवसा सात वेळा दोनशे मिली, म्हणजे चौदाशे. रात्री पोटावरच्या बटणाला (थेट पोटात दूध-पाणी सोडायला बसवलेली छोटी तोटी) नळी लावून पंपाने तासाला शंभर, दहा तास.

आणि चिमी पाणी प्यायची नाही. वर्षभर जिच्या तोंडातून ओला रुमाल ओढून काढला, तिच्यापुढे आम्ही पेला धरून उभे, आणि ती मान हलवून म्हणतेय, पानी नाई. शिकवणारे आम्हीच. तिच्या आईला त्या दिवशी हसू आलं आणि मग हसू थांबेना, टाके दुखायला लागले. मला अजून त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही. पोटावर बटण होतं म्हणून निभावलं. ज्यांना डॉक्टर आधीच पोटात नळी बसवायचा सल्ला देतात आणि ज्यांना ते ऐकून धस्स होतं, त्यांना मी एवढंच सांगतो की आमच्या मुलीची किडनी पहिली दोन वर्षं त्या नळीवर टिकली. पंप रात्री दोनला ओरडायचा. कधी नळीला पीळ, कधी हवा. उठायचं, पीळ काढायचा, अंथरूण बदलायचं. कारण लंगोट काही पुरायचा नाही. दहा महिने कोरडं राहिलेलं मूत्राशय आक्रसलेलं होतं आणि त्यात मोठ्या माणसाच्या किडनीची लघवी. लंगोट काट्यावर ठेवायचा, कोरड्याचं वजन वजा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली, खर्चात नोंद.

औषधं सगळे विचारतात, पण ती मला सोपी गेली. वेळेला देणं मला जमतं. नकार थोपवायला टॅक्रोलिमस, सकाळी आठ, रात्री आठ. मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन, जंतूंसाठी दोन वेगळी. रक्त तपासायच्या दिवशी सकाळचा टॅक्रोलिमस आधी द्यायचा नाही. एकदा आजीने प्रेमाने देऊन टाकला आणि सगळी खेप वाया गेली. माहीत नव्हती ती गोष्ट वेगळीच. मोठ्यांच्या किडनीबरोबर मोठ्यांनी आयुष्यभर गोळा केलेले विषाणूही येऊ शकतात. एप्स्टाइन-बार हा त्यातला एक. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात तो गप्प पडून असतो. मुलाला तो आधी कधी भेटलेला नसतो आणि औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली, म्हणून त्याची वेगळी तपासणी चालू राहते. गोवर-कांजिण्यांच्या लसी मात्र प्रत्यारोपणाच्या आधीच देऊन घेतल्या होत्या. त्या जिवंत लसी, नंतर सहसा देत नाहीत.

एक तक्रार लिहितो. कुणाचं नाव घेत नाही. प्रत्यारोपणानंतर पाचव्या महिन्यात तिला जुलाब लागले. आम्ही बाहेरगावी होतो, तिथल्या दवाखान्यात रक्त तपासलं. क्रिएटिनिन (किडनीने काढायचा रक्तातला कचरा) ०.६. तिथले डॉक्टर म्हणाले, ‘उत्तम आहे, माझंसुद्धा यापेक्षा जास्त असेल.’ खरंच असेल. पण चिमीचं नेहमीचं ०.३. मोठ्या माणसाची किडनी एवढ्याशा शरीराचा कचरा हसत हसत काढते, म्हणून आकडा तळाला असतो. तो दुप्पट झाला तरी कागदावर कुठेच लाल खूण येत नाही, आणि तोवर किडनीचं बरंच बिनसलेलं असू शकतं. मी हे सांगायचा प्रयत्न केला. ‘तुम्ही फार वाचता,’ असं उत्तर मिळालं. रात्रीच गाडी काढली. आमच्या केंद्रात पोचताच दाखल केलं. जुलाबात पाणी गेलं होतं आणि टॅक्रोलिमसची पातळी भलतीच चढली होती. जुलाबात ते होतं, हेही तेव्हा कळलं. बायोप्सी केली, नकार नव्हता. चार दिवस सलाइन, मग ०.४, मग हळूहळू जागेवर. तेव्हापासून प्रवासात एक चिठ्ठी बरोबर असते: हिच्यासाठी ०.५ म्हणजे धोका. खाली डॉक्टरांची सही आणि शिक्का. शिक्का असला की लोक वाचतात.

चिमी आता सहा वर्षांची आहे. वाढ झाली तसा पाण्याचा आकडा वजनाच्या मानाने उतरत गेला. बटण काढलं, जागेवर नाभीसारखा एक ठिपका आहे. ही किडनी जन्मभर पुरणार नाही, हे आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. सगळं नीट गेलं तरी पुढे कधीतरी दुसरी लागेल. सर्वात धोक्याचं वय कोणतं, असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, ‘पंधरा-सोळा. तेव्हा मुलं औषधं टाळतात.’ मी रक्तदाबाची गोळी रोज घेतो आणि वजन सात किलोने उतरवलंय. मध्यंतरी सहज विचारून बघितलं की पुढच्या वेळी माझी चालेल का. डॉक्टर म्हणाले, तेव्हा तपासू. नाही म्हणाले नाहीत.

अकरावी वही गेल्या वर्षीची. नियमित नोंद बंद झाली होती, पण तपासणीआधी तीन दिवसांची नोंद आणायला सांगितली. जमा चौदाशे, खर्च आठशे. दुसऱ्या दिवशी चौदाशे, साडेसातशे. जुलाब नाहीत, ताप नाही, वजनात फरक नाही, सूज नाही. एवढी तूट घामात जात नाही. मी दोन रात्री त्या आकड्यांकडे बघत बसलो. तिच्या आईला काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पेला तिच्या हातात दिला आणि दाराआड उभा राहिलो. चिमी दोन घोट प्यायली, इकडेतिकडे बघितलं, पडद्यामागे गेली आणि उरलेलं सगळं कुंडीत ओतलं. मग रिकामा पेला घेऊन माझ्याकडे आली. ‘संपलं.’

कुंडीतलं झाड मुळापासून सडलं होतं. त्या पानावर मी तिसरा रकाना आखला आणि वर ‘कुंडी’ लिहिलं. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी तो वाचला आणि वही चिमीच्या पुढे धरली. तिला अजून नीट वाचता येत नव्हतं, पण अक्षर कुणाचं ते कळलं. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बाबा, तू तिथे पण लिहिलंस?’